पाणी नेमकं मुरतंय कुठे?

गेल्या डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे डॅलसला आले होते. आईचे गुडघे आणि तळपाय थंडीत फार दुखतात, त्यामुळे इथल्या गार फरशीवर तिचा पहिल्या दिवसापासून राग. पण आठवड्याभरात तिने घरात स्वतःपुरती एक जागा शोधून काढली. स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलाकडे वळताना साधारण दोन पाट मांडता येतील एवढ्या तुकड्यात फरशी छान कोमट लागायची. आई तिथे सतरंजी टाकून बसायची, भाजी तिथेच निवडायची आणि परभणीला मावशीला फोन लावून सांगायची, "अगं, यांच्याकडे जमिनीतूनसुद्धा शेक मिळतो!"

मला यात काही वावगं वाटलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखादी गोष्ट कुरकुर न करता चालतेय म्हटल्यावर तिच्याकडे बघायचंच नाही, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

शंका आली ती बाबांना. बाबा शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, पण घरची शेती परभणीजवळची, काळ्या भारी जमिनीची. जमीन हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी विचारलं, "या घराला खालून गरम करायची काही सोय आहे का रे?" मी म्हटलं, नाही बाबा, आपल्याकडे गरम हवा वरून, छतातून येते. "मग एवढीच फरशी कशाने तापते?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात पाण्याचं बिल आलं, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. बाबांनी चष्मा वर सरकवला, बिल पाहिलं आणि म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय."

मंडळी, हे वाक्य मी हापिसात हजार वेळा म्हटलं असेल. एखाद्याचा हिशेब जुळत नाही, एखादा प्रोजेक्ट उगाच लांबतो, की आपण लगेच म्हणतो, पाणी मुरतंय. पण शब्दशः अर्थाने ते आपल्याच घराखाली मुरत असेल, हे आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी घरातले सगळे नळ बंद केले. बर्फ बनवणाऱ्या फ्रीजचा पाणीपुरवठाही बंद केला आणि टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला गेलो. इथे पाण्याचा मीटर जमिनीतल्या एका डब्यात असतो. त्याच्या काचेखाली एक इवलीशी त्रिकोणी चकती असते, थोडंसं पाणी वाहिलं तरी ती फिरते. ती फिरत होती. घरात एक थेंबही कोणी वापरत नाही आणि चकती आपली गरगर फिरतेय! मग आत येऊन पाणी तापवायच्या टाकीकडे जाणारी गार पाण्याची तोटी बंद केली आणि परत बाहेर गेलो. चकती थांबली होती.

म्हणजे गळती गरम पाण्याच्या पाइपात. आणि तो पाइप टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जातो तो आईच्या सतरंजीच्या बरोबर खालून, काँक्रीटच्या लादीच्या पोटातून. आई इतके दिवस आमच्या गॅसच्या आणि पाण्याच्या बिलावर पाय शेकत होती. :-)

पुढचे दोन विकांत मी या विषयावर वाचत बसलो. प्लंबर आपलं काम करणारच होता, पण मला एकच प्रश्न छळत होता. ज्या वस्तूला कधीतरी भोक पडणारच, ती माणसाने काँक्रीटखाली गाडलीच कशाला? त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

सुरुवात त्या रात्रीच्या खटाटोपापासूनच करू. मला वाटलं होतं, सगळं बंद करून एकेक फांदी तोडून बघायची युक्ती मी डीबगिंगच्या सवयीने लढवली. कसलं काय! ती दीडशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात जॉर्ज डीकन नावाचा एक इंजिनिअर होता. हा तरुणपणी, १८६५ साली, अटलांटिकखालून तारेची केबल टाकायला निघालेल्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजावर होता. म्हणजे न दिसणाऱ्या तारेतला दोष किनाऱ्यावरून कसा शोधतात, ते त्याने जवळून पाहिलेलं. पुढे तो लिव्हरपूलच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर झाला. तेव्हा तिथे पाणी ठरावीक वेळच यायचं. आपल्याकडच्यासारखंच, पाणी यायच्या वेळेला बादल्या भरून ठेवा! शहराला पाणी पुरत नाही म्हणून आणखी पाणी आणा, असं सगळे म्हणत होते. डीकनचा प्रश्न वेगळा होता : आहे ते पाणी जातं कुठे?

त्याने १८७३ साली एक मीटर तयार केला. वस्तीला जाणारं पाणी एका निमुळत्या नळीतून जायचं. नळीत एक चकती अधांतरी टांगलेली, प्रवाह वाढला की ती खाली ढकलली जायची. चकतीला पेन्सिल जोडलेली आणि पेन्सिलीसमोर घड्याळावर फिरणारा कागद. म्हणजे दिवसभरात वस्तीने केव्हा किती पाणी घेतलं, त्याचा आलेख आपोआप निघायचा. दिवसा रेघ वरखाली नाचायची. मध्यरात्रीनंतर लोक झोपले की रेघ सपाट व्हायची. सपाट, पण शून्यावर नाही! ती शून्याच्या जितकी वर, तितकं पाणी कोणीही न पिता जमिनीत चाललंय.

मग डीकनची माणसं रात्री गल्लीतून फिरायची. नळाची चावी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, जमिनीतल्या तोटीवर टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं. बारीक 'सूंऽऽ' असा आवाज आला की ती तोटी बंद करायची, वेळ टिपायची आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी कागदावर बघायचं, २ वाजून १० मिनिटांनी रेघ किती खाली आली? जेवढी खाली आली, तेवढं पाणी त्या तोटीपलीकडे मुरत होतं. एकही खड्डा न खणता घर सापडलं! अशा गळत्या बुजवत गेल्यावर लिव्हरपूलला चोवीस तास पाणी देणं पुन्हा शक्य झालं. आजही जगभरातले पाणीवाले मध्यरात्रीचा किमान प्रवाह बघूनच गळतीचा अंदाज बांधतात.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही युक्ती चालायला पाइपात रात्रभर दाब लागतो. दिवसातून दोन-तीन तासच पाणी येत असेल, तर त्या दोन-तीन तासांत सगळेच नळ सोडून बसलेले असतात. रेघ सपाट होतच नाही, आणि गळतीचा आवाज त्या गलक्यात बुडून जातो. उरलेल्या वेळात पाइप रिकामा, म्हणजे आवाजच नाही. वर रिकाम्या पाइपात त्याच भोकातून बाहेरची घाण आत येते ती वेगळीच. पाणी कमी म्हणून तासांवर देतात आणि तासांवर देतात म्हणून गळती सापडत नाही, असा तो फास आहे.

आता मूळ प्रश्न. पाइप लादीखाली गेले कसे?

अमेरिकेतली जुनी घरं, निदान थंड प्रदेशातली, तळघरावर उभी असत. पाइप तळघराच्या छताला लटकलेले. गळाले तर खाली थारोळं दिसणार, पाना घेऊन गेलात की काम झालं. जमिनीवर सरळ काँक्रीटची लादी ओतून त्यावर घर उभं करायची पद्धत मध्यमवर्गीयांच्या घरांत रुजवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट. १९१४ च्या सुमारास तोकियोत ओकुरा नावाच्या एका धनिकाच्या घरी जेवायला गेला असता, तो थंडीने कुडकुडत होता. जेवणानंतर यजमानांनी त्याला एका कोरियन पद्धतीच्या खोलीत नेलं. शेकोटी दिसत नाही, पण खोलीत ऊब. फरशीखालून गरम हवेचे मार्ग नेलेले होते. राइट त्यावर इतका खूश झाला, की तोकियोच्या इंपीरियल हॉटेलच्या न्हाणीघरांत त्याने फरशीखालून गरम करायची सोय केली. पुढे १९३६-३७ साली अमेरिकेत मॅडिसन गावी त्याने हर्बर्ट जेकब्स नावाच्या एका पत्रकारासाठी ५,५०० डॉलरांत घर बांधलं. त्याला नेहमीसारखं पूर्ण तळघर नव्हतं, काँक्रीटची लादी होती आणि लादीखाली गरम करायचे लोखंडी पाइप. तोकियोच्या त्या खोलीतून आलेली कल्पना, फक्त हवेच्या जागी पाइप आले.

आईला फरशीचा शेक आवडला तसा राइटलाही आवडला होता म्हणायचा!

राइटचं एक घर न्यूयॉर्कजवळ ग्रेट नेक इथे बांधलं जात होतं. तिथे एक तरुण रोज येऊन बांधकाम बघत बसायचा. त्याचं नाव आल्फ्रेड लेव्हिट. घरबांधणीचा धंदा असलेल्या लेव्हिट कुटुंबातला हा चित्रं काढणारा, आराखडे करणारा भाऊ. धंदा चालवणारा भाऊ विल्यम. दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतले आणि राहायला घरं नाहीत. लोक नातेवाइकांच्या एका खोलीत संसार मांडत होते. लेव्हिटांनी लाँग आयलंडवरची बटाट्याची शेतं घेतली आणि मे १९४७ मध्ये जाहीर केलं, आम्ही इथे दोन हजार घरं भाड्याने देऊ.

अडचण एकच, हेम्पस्टेड भागाचा नियम होता की घराला तळघर हवंच. तळघर म्हणजे खोदकाम, वेळ आणि पैसा. त्याच महिन्यात माजी सैनिक सभागृहात गर्दी करून बसले आणि नियम बदलला गेला. लादीवरच्या घराला परवानगी मिळाली. मग जे सुरू झालं ते म्हणजे उलट्या फॅक्टरीचा प्रकार. फॅक्टरीत माणूस जागेवर असतो आणि वस्तू सरकते, इथे घरं जागेवर आणि माणसांच्या टोळ्या सरकायच्या. काम २७ टप्प्यांत वाटलेलं. भरात असताना दिवसाला तीसहून जास्त घरं व्हायची! १ ऑक्टोबर १९४७ ला पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं उभी राहिली. या लेव्हिटटाउनच्या घरांच्या लादीत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी ओतलेली होती. त्यातून गरम पाणी फिरायचं आणि घर उबदार व्हायचं. ७५० चौरस फुटांच्या त्या पहिल्या घरांत राइटची चैन सामान्य माणसाच्या पायाखाली आली.

सामान्य गोऱ्या माणसाच्या, असं म्हणायला हवं. गोऱ्यांखेरीज कोणाला इथे राहू देणार नाही, असं कलम सुरुवातीच्या भाडेकरारात लिहिलेलं होतं. १९४७ साली आमच्यासारख्यांना त्या उबदार फरशीवर सतरंजी टाकता आली नसती. घरांच्या पायात काय काय गाडलेलं असतं ते असं.

आणि मग तांबं गळायला लागलं. लगेच नाही, पण वर्षं गेली तशी. काँक्रीटची लादी आकसते, सरकते, तिला तडे जातात. तांब्याची नळी त्यात घट्ट धरलेली, तिला हलायला जागा नाही. जिथे ती खडीवर किंवा सळईवर टेकते तिथे दर वेळी गरम-गार होताना घासली जाते. वाकवलेल्या जागी पाणी जोरात वळतं आणि आतून तांबं झिजवतं. पाण्याचे गुण आणि मातीतले क्षार आपापला वाटा उचलतात. गरम पाण्याच्या नळीत हे सगळं लवकर होतं. लेव्हिटटाउनमधल्या कितीतरी मालकांनी शेवटी लादीतली वेटोळी तशीच सोडून दिली आणि भिंतीकडेने नवे, डोळ्यांना दिसणारे हीटर बसवले. लादीत दोष कुठे आहे ते शोधून फोडण्यापेक्षा ते परवडायचं.

लेव्हिटांना दोष द्यायचा का? मला तसं वाटत नाही. छप्पर नसलेल्या माणसाला छप्पर मिळालं. तळघर मागत बसले असते तर ते त्या किमतीत मिळालंच नसतं. पण त्यांनी एक उधारी केली होती, आणि तिची वसुली पुढच्या मालकाकडून होणार होती. आमच्या धंद्यात हे रोज होतं. रिलीजची तारीख गाठायला कोणीतरी एखादी गोष्ट खोल कुठेतरी पुरून ठेवतो, बढती घेऊन दुसरीकडे जातो, आणि पाच वर्षांनी रात्री दोन वाजता फोन वाजतो तो तिसऱ्याचाच.

लादीवरचं घर मात्र टिकलं. फरशी तापवायची कल्पना टेक्सासात कोणाला नको होती, पण तळघर नसलेलं स्वस्त घर सगळ्यांना हवं होतं. म्हणून इथे लादीखालून गेले ते नळाचे पाइप. आमचं घर १९७४ सालचं. मऊ तांब्याच्या नळ्या मातीत पसरायच्या, त्यांवर काँक्रीट ओतायचं, विषय संपला. काही वर्षांनी तांब्याऐवजी पॉलिब्युटिलीनचे स्वस्त प्लॅस्टिक पाइप आले. १९७८ ते १९९५ या काळात ते लाखो घरांत गेले. पाण्यातल्या क्लोरीनने ते पाइप आणि त्यांचे जोड आतून ठिसूळ केले. १९९५ मध्ये कोर्टात झालेल्या समझोत्यात कंपन्यांना किमान ९५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पुरलेल्या पाइपाचा हा दुसरा धडा, पहिल्याइतकाच महाग.

आणि इथे बाबांचा विषय आला, माती!

बाबा आल्यापासून परसातली माती चिमटीत घेऊन बघत होते. म्हणाले, "ही तर आपलीच काळी." मला हसू आलं. पण ते खरं निघालं. डॅलस ज्या पट्ट्यावर वसलंय त्याचं नावच मुळी 'ब्लॅकलँड', काळी जमीन. आपली दख्खनची काळी बेसाल्ट खडकापासून झाली, ही इथली समुद्रतळाच्या चुनखडीपासून आणि चिखलापासून. आई-बाप वेगळे, पण स्वभाव तोच. दोन्हींत असलेली विशिष्ट चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून हातभर भेगा पडतात. दोन्हीकडे पीकसुद्धा एकच, कापूस! शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच गटात टाकलंय.

बाबा म्हणाले, "आपल्या जुन्या लोकांनी गाव कुठं बसवलं? पांढरीत. काळीत शेती करायची, पांढरीत राहायचं. काळीत घर बांधायचंच झालं, तर मुरूम लागेपर्यंत पाया न्यायचा. तुमच्या लोकांनी काळीवर नुसतं ताट पालथं घातलंय." काळी आणि पांढरी हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्यात बांधकामाचा एक अख्खा नियम दडलाय, हे चाळिशीत डॅलसमध्ये कळावं!

ताट पालथं घातलंय म्हणूनच इथले लोक उन्हाळ्यात एक चमत्कारिक गोष्ट करतात. घराच्या पायाला पाणी घालतात. खरंच! घराभोवती झिरपणारी नळी टाकून ठेवतात, माती सगळीकडे सारखीच ओली राहावी म्हणून. लादीला ओलावा सोसतो आणि कोरडेपणाही सोसतो. एका बाजूला ओल आणि दुसरीकडे कोरडं, हे मात्र सोसत नाही. आता विचार करा, लादीच्या मध्यभागी खालून कोणी गुपचूप पाणी सोडत असेल तर? तिथली माती फुगते, लादी मधोमध उचलली जाते, भिंतींना तिरके तडे जातात, दारं चौकटीत अडकायला लागतात. आमचं बेडरूमचं दार दोन महिने नीट लागत नव्हतं. मी बिजागरीला तेल घालत होतो.

आणि पाणी किती जातं? टोरिचेल्लीचा नियम १६४४ साली छापला गेला, भोकातून येणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. घरात चाळीस मीटर उंचीइतका दाब धरा आणि भोक दीड मिलिमीटरचं, म्हणजे जाड सुईएवढं. हिशेब केला तर दिवसाला सुमारे अडीच हजार लिटर! नळ ठिबकला तर कानाला त्रास होतो म्हणून आपण वॉशर बदलतो. इथे रोज छोटा टँकर रिकामा होतोय आणि घरात चिटपाखरूही बोलत नाही.

गळती शोधायला जो माणूस आला तो साठीचा असेल. त्याच्याकडे उपकरणं होती, पण मुख्य उपकरण होतं हेडफोन आणि जमिनीवर ठेवायचा माइक. डीकनच्या लोखंडी दांड्याचाच नातू. त्याने पाइपात हवा भरली, म्हणजे भोकातून फुरफुर आवाज येतो, आणि आम्हाला सगळं बंद करायला सांगितलं. हीटर, फ्रीज, पंखे, सगळं. आईला भाषा कळत नव्हती, पण तिने न सांगता कुकरखालचा गॅस बंद केला आणि हातातल्या बांगड्या धरून उभी राहिली. पाच जण श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघतोय, डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावल्यासारखं. तो फूटभर सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. शेवटी त्याने खडूने फुली मारली. आईच्या सतरंजीपासून वीतभर अंतरावर.

आता दोन वाटा होत्या. फुलीवर लादी फोडायची, तेवढाच तुकडा बदलायचा, परत काँक्रीट ओतायचं. किंवा ती गरम पाण्याची वाट कायमची बंद करून नवा प्लॅस्टिक पाइप वरून, माळ्यावरून न्यायचा. पहिली वाट त्या दिवशी स्वस्त. पण पन्नास वर्षांच्या तांब्याला एका जागी भोक पडलं, तर उरलेलं तांबं काय अमरपट्टा घेऊन आलंय? बायकोने एक आडवा प्रश्न विचारला, "माळ्यावरचे पाइप फेब्रुवारी २०२१ मध्ये गोठून फुटले होते ना?" बरोबर होतं. त्या थंडीच्या वादळात टेक्सासात वीज गेली आणि कितीतरी घरांत छतातून धबधबे सुरू झाले. आमच्या शेजाऱ्यांचं अख्खं छत खाली आलं होतं.

त्यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. शेवटी निर्णय झाला तो बाबांच्या एका वाक्यावर. "वरचा फुटला तर ओरडेल. खालचा गप्प बसतो." माळ्यावरून न्यायचं ठरलं. पाइपाला जाड आवरण घातलं, बंद करायची तोटी हाताला येईल अशी ठेवली आणि घरातल्या प्रत्येकाला ती दाखवली. दहा वर्षांच्या लेकीलासुद्धा.

जाता जाता बाबांनी पुण्याची आठवण काढली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं. दगडी बांधणीचा नळ, माणूस आत उतरून चालू शकेल एवढा, उतारावर आपोआप वाहणारा. तोही पुरलेलाच. पण त्यावर जागोजागी उभे झरोके बांधले होते, हवा जायला आणि गाळ काढायला उतरता यावं म्हणून. त्यांना नाव काय दिलं होतं, तर उच्छ्वास! पेठांतल्या हौदांवर लोक पाणी भरत होते तेव्हा त्यांच्या पायाखालचा नळ श्वास घेत होता. दाबाच्या पाइपाला तसे झरोके ठेवता येत नाहीत, हे मलाही कळतं. पण पुरताना, पुढे कोणालातरी इथे उतरावं लागेल, हा विचार मनात असणं आणि नसणं, यात फरक आहे. लादी ओतणाऱ्याच्या मनात तो नव्हता.

म्हणून काम संपल्यावर मी एक केलं. घराचा नकाशा काढला, जुनी बंद केलेली वाट तुटक रेघेने, नवी लाल रेघेने, कोणती तोटी कशाची, कोणत्या वर्षी काय बदललं. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाणी तापवायच्या टाकीशेजारी भिंतीला चिकटवला. आम्ही हे घर कधीतरी विकू. तेव्हा जो कोणी येईल, त्याला निदान खणायच्या आधी वाचायला काहीतरी मिळेल.

बेडरूमचं दार अजून थोडं घासतं. माती हळूहळू वाळेल, महिने लागतील म्हणतात. खडूची फुली मात्र मी पुसलेली नाही.

आईचं म्हणणं वेगळंच आहे. जायच्या आदल्या दिवशी ती सवयीने सतरंजी टाकून बसली आणि लगेच उठली. "गार पडली रे जागा," म्हणाली. मग बॅग भरता भरता मला ऐकू जाईल अशा बेताने बाबांना, "एवढं सगळं शोधून काढलं पोराने, पण आधी माझ्यासाठी एक शेकायची पिशवी आणून ठेवायची नाही का?"

आणली. पुढच्या डिसेंबरासाठी कपाटात ठेवली आहे. असो, तुमच्याकडे कुठे फरशी कोमट लागत असेल तर सतरंजी टाकायच्या आधी एकदा रात्री मीटर बघून या.